सोडचिठ्ठी कोणाच्या हाती?

केज येथे राहणारी आमची एक जुनी विद्यार्थिनी काही महिन्यांपूर्वी आमच्याकडे सल्ला मागण्यास आली. सल्ला कायद्याचा होता आणि आम्ही पडलो साहित्याचे अध्यापक. पण लहान गावात ज्याने बी. ए. ला शिकविले त्याला सर्वच विद्या येतात असा समज असतो, आणि तो खोडून काढण्याइतके धैर्य आम्हांस अद्याप आलेले नाही. मुलगी मुसलमान घरातली. नवरा तीन वर्षे झाली पुण्यास आहे. तो नांदवीतही नाही आणि सोडीतही नाही. जमातीतील वडील मंडळी म्हणतात, ‘खुला घे, पण त्याची संमती आण.’ वकील म्हणतात, ‘१९३९ च्या कायद्याखाली दावा लाव, पण दोन वर्षे त्याने खर्ची दिली नाही हे शाबीत कर.’ एवढे सांगून झाल्यावर ती म्हणाली, “सर, त्यांनी मला सोडायचे ठरविले असते तर त्यांना शब्द पुरला असता. मला किती साक्षीदार लागतील?” एका बैठकीत तीन वेळा उच्चारलेला तलाक आता रद्द ठरला आहे, असे आम्ही मोठ्या जाणतेपणाने तिला सांगितले. त्यावर तिने शांतपणे उत्तर दिले, “एका बैठकीतला रद्द झाला. एकदा उच्चारून तीन महिने वाट पाहिली की तो अजून चालतोच.”

तिचे म्हणणे खरे होते, आणि आमचे जाणतेपण वर्तमानपत्री होते. त्यानंतर ह्या विषयावर मराठीत जे लिहिले गेले आहे त्यांतले हाताशी येईल तेवढे आम्ही वाचून काढले. ते वाचताना जे खटकले तेच ह्या लेखाचे प्रयोजन होय.

तलाकावरील लेखनाचा मराठीत दुष्काळ नाही. हमीद दलवाई यांनी १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुसलमान स्त्रियांचा मोर्चा मुंबईस विधिमंडळावर नेला. २२ मार्च १९७० रोजी पुण्यास मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. पुढे १९८५ चा शहाबानोचा निकाल, २०१७ चा शायराबानोचा निकाल, २०१९ चा तलाकबंदीचा कायदा, ह्या प्रत्येक प्रसंगी आमच्या मासिकांनी पाने भरून लिहिले. परंतु ह्या साठ वर्षांतील बहुतेक लेखांचा कर्ता पुरुष आहे, तोही व्याकरणाच्या अर्थाने. पुरुष तलाक देतो, पुरुष पोटगी चुकवितो, पुरुष दुसरी बायको करतो. स्त्री ह्या साऱ्या वाक्यांत कर्मस्थानी. तिने स्वतः सुटावयाचे ठरविले तर काय, ह्याला ह्या लेखनात एखाद्या परिच्छेदाची जागा मिळते. दलवाईंना ह्याचा दोष देणे अन्यायाचे होईल. जेथे आग लागली तेथे त्यांनी आधी पाणी ओतले. दोष आम्हां वाचकांचा आहे. मराठी मासिकाचा वाचक बहुधा हिंदू मध्यमवर्गातला. तलाकावरचा लेख वाचून ‘आपल्यांत असले काही नाही’ अशा समाधानाने तो मासिक मिटून चहा मागवितो. हे समाधान कितपत खरे आहे ते पाहण्यास केजसारखे दुसरे गाव सापडणार नाही. पण तिकडे वळण्यापूर्वी शब्दांचा थोडा विचार करू. शब्दांपासून आरंभ करणे ही आमच्या पेशाची खोड आहे, वाचकांनी ती सोसावी.

विवाह तुटण्याला मराठीत शब्द पुष्कळ आहेत. फारकत हा शब्द मूळचा फारखत, म्हणजे मोकळे केल्याचा कागद. तो अरबी-फारशीतून आमच्या दफ्तरांत आला. देणे फिटले की धनको हा कागद लिहून देई. आमच्या भागात हिंदू काय आणि मुसलमान काय, दोघेही आजही फारकत हाच शब्द वापरतात, आणि ऋण फिटल्याचा तो जुना वास त्याला अजून आहे. सोडचिठ्ठी त्याच जातीची. चिठ्ठी लिहिणारा धनी एकच. काडीमोड मात्र वेगळी. पंचांपुढे काडी मोडली की संबंध तुटला; काडीला दोन टोके असतात, हे त्या रूढीने निदान विसरले नव्हते. ज्यांना आम्ही खालच्या जाती म्हणत आलो त्यांच्यांत ही सोय शतकानुशतके होती, आणि ज्यांच्यांत नव्हती त्यांनी काडीमोडीचा शब्दही हलका मानून आपल्यासाठी संस्कृतातून नवा शब्द काढला: घटस्फोट. आता हा घटस्फोट धर्मशास्त्रात काय आहे? पतिताला ज्ञातीबाहेर टाकताना आप्तांनी पाण्याने भरलेला घट उलथावयाचा आणि तो माणूस जिवंतपणीच मेला असे मानावयाचे, असा तो विधी. विवाहविच्छेदाला प्रतिष्ठित शब्द हवा म्हणून आम्ही शोधू गेलो आणि हाताला लागला तो बहिष्काराचा शब्द! अरबी खुलअ ह्या शब्दाचा अर्थ अंगावरचे वस्त्र उतरविणे. पतिपत्नी एकमेकांची वस्त्रे होत, ही उपमा कुराणात आहे. तिला अनुसरूनच हा शब्द आला. स्त्रीने आपण होऊन, मेहर परत करून किंवा सोडून देऊन, ते वस्त्र उतरवावयाचे. नुसत्या शब्दांची परीक्षा घ्यावयाची तर आम्ही ह्या शब्दाला घटस्फोटाच्या कितीतरी वर बसवू.

क्रियापदांकडे पाहिले तर मात्र सर्व घरे सारखी दिसतात. नवरा नांदवितो, बायको नांदते. नवरा टाकतो, बायको ‘निघून जाते’ किंवा ‘नांदत नाही’. बायकोने नवऱ्याला टाकले असे म्हणावयाचे झाल्यास मराठी वाक्य अडखळते, आणि ऐकणारा हसतो.

आता केज. वाचकांस विदित आहेच की बीड जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामी राज्यात होता. ब्रिटिश हद्दीतले नगर आणि सोलापूर हे जिल्हे त्या राज्याला लागून. १९३९ साली दिल्लीच्या कायदेमंडळाने मुसलमान विवाहविच्छेदाचा आठवा कायदा केला. तो कशामुळे झाला ती हकीकत बोधप्रद आहे. हनफी मताप्रमाणे नवरा बेपत्ता असो, क्रूर असो की उपाशी मारणारा असो, स्त्रीला काझीकडून विवाह रद्द करून मिळणे जवळजवळ अशक्य होते. तेव्हा पंजाबाकडील कित्येक स्त्रियांनी केवळ सुटका व्हावी म्हणून धर्मत्याग केला. हे पाहून मौलाना अशरफ अली थानवी यांच्यासारख्या सनातनी पंडिताने मालिकी पंथाची सवलत हनफी स्त्रीलाही द्यावी, असे ग्रंथ लिहून प्रतिपादन केले, आणि त्या धोरणाने काझमी नावाच्या सभासदांनी विधेयक आणले. म्हणजे स्त्रिया दार फोडून बाहेर पडू लागल्या, तेव्हा शास्त्र्यांनी घराला आणखी एक दार ठेवले. चार वर्षे नवऱ्याचा ठावठिकाणा नसणे, दोन वर्षे पोषण न करणे, सात वर्षांची कैद, तीन वर्षे पतिधर्म न पाळणे, क्रूरता, स्त्रीचे स्वतःचे धन विकून टाकणे, अशी कारणे त्यात घातली; आणि धर्मत्यागाने विवाह आपोआप तुटत नाही, असेही त्याच कायद्यात ठरवून जुने भगदाड बुजविले. सनातन्यांनी किंमत वसूल केली, पण माल दिला.

त्या वर्षी, १९३९ साली, सोलापुरातील ब्राह्मण किंवा वाणी स्त्रीला लिखित कायद्याने विवाह तोडण्याचा कोणताही मार्ग नव्हता. तिच्या शेजारची मुसलमान स्त्री दावा लावू शकत होती. सोलापुरातील हिंदू स्त्रीला तो हक्क मुंबई सरकारच्या कायद्याने १९४७ साली मिळाला. आता चाळीस कोस पलीकडे केजला या. मुंबईचा १९४७ चा कायदा येथे लागू नव्हता. येथील हिंदू स्त्री १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कक्षेत आली. दिल्लीचा १९३९ चा कायदाही येथे लागू नव्हता. पूर्वीच्या ‘ब’ वर्गाच्या राज्यांच्या प्रदेशांत तो १९५९ च्या ४८ व्या कायद्याने पोहोचला, आणि तोही १ फेब्रुवारी १९६० पासून. म्हणजे सोलापुरात मुसलमान स्त्री आठ वर्षे पुढे आणि केजला चार-पाच वर्षे मागे. धर्म तेच, ग्रंथ तेच, बोलीही जवळजवळ एक. मध्ये फक्त एक जकातनाका. आणि जेथे मुसलमान राजा होता तेथेच मुसलमान स्त्री मागे राहिली, हेही ‘कोणता धर्म उदार’ अशी पंक्ती मांडणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

ह्याहून बोलका दाखला रखमाबाईंचा आहे. बालपणी लावून दिलेला विवाह आपणास मान्य नाही असे मुंबईच्या त्या तरुणीने सांगितले आणि दादाजी भिकाजी यांनी १८८४ साली दावा लावला. न्यायमूर्ती पिन्हे यांनी १८८५ साली तिच्या बाजूने निर्णय दिला. अपिलात तो फिरला. आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी तिला नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असे फर्माविले. तुरुंग पत्करू असे तिचे उत्तर सर्वांस ठाऊक आहे. १८८८ साली तडजोड झाली: खर्चापोटी दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हुकूमनामा बजावण्याचे सोडून दिले. व्हिक्टोरिया राणीने हा विवाह रद्द केला, असे आजही कित्येक ठिकाणी छापले जाते, आणि ते वाचावयास गोड असले तरी निराधार आहे. विवाह कोणीच रद्द केला नाही. तो हिंदू विवाह असल्याने तसा रद्द करण्याची सोयच नव्हती. दादाजींनी दुसरा संसार थाटला. रखमाबाई विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या, सुरतेस व राजकोटास त्यांनी जन्मभर रुग्णसेवा केली. पण कायद्याच्या नजरेत, दादाजी निवर्तेपर्यंत, त्या दादाजींची बायकोच राहिल्या. आता हा व्यवहार खुलअच्या शेजारी ठेवून पाहावा. खुलअमध्ये स्त्री पैसे देते आणि मोकळी होते. रखमाबाईंनी पैसे दिले आणि त्या मोकळ्या झाल्या नाहीत.

अल्पवयात लावलेला विवाह वयात आल्यावर नाकारण्याचा हक्क मुसलमानी कायद्यात पूर्वीपासून होता. बापाने किंवा आज्याने लावलेल्या विवाहास तो लागू नसे. ती अट १९३९ च्या कायद्याने काढली, आणि पंधरा वर्षांच्या आत लग्न झालेल्या मुलीने अठराव्याच्या आत ते नाकारावे असे ठरविले. हिंदू विवाह कायद्यात हेच कलम, हीच पंधरा व अठराची मर्यादा घेऊन, १९७६ साली आले. रखमाबाईंच्या दाव्यानंतर ब्याण्णव वर्षांनी, आणि मुसलमान भगिनीनंतर सदतीस वर्षांनी! आमच्या जिल्ह्यात ही काही इतिहासाची गोष्ट नव्हे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९–२१ मध्ये, बीड जिल्ह्यातील वीस ते चोवीस वयाच्या दर शंभर स्त्रियांत चाळिसांहून अधिक स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. हे नाकारण्याचे कलम त्यांतील कितींच्या कानांवर गेले असेल?

येथवर लिहिले ते वाचून आम्ही मुसलमानी कायद्याची वकिली करीत आहो, असा कोणाचा ग्रह होईल. तसे नाही. आता त्याची दुसरी बाजू पाहू; आणि त्यासाठी तलाकाच्या साऱ्या वादात आमच्या मते ज्याला मराठी समीक्षकांनी फारच थोडी जागा दिली, त्या एका निकालाकडे वळू. तो दिल्लीचा नाही, आमच्याच मराठवाड्यातला आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठातील पूर्णपीठाने २ मे २००२ रोजी दिलेला हा निकाल ‘दगडू पठाण विरुद्ध रहिमबी’ ह्या नावाने कायद्याच्या पुस्तकांत आहे.

प्रश्न दिसावयास क्षुल्लक होता. बायकोने पोटगीचा अर्ज करावा आणि नवऱ्याने कैफियतीत लिहावे की, हिला मी अमुक तारखेस तलाक दिलेला आहे, सबब ही माझी बायको नव्हे. असे लिहिलेले आजवर कित्येक न्यायालये मानीत आली होती. काहींचे तर मत असे की, पूर्वी तलाक दिला नसला तरी कैफियतीत लिहिले ह्यातच तो झाला! म्हणजे स्त्रीने भाकरी मागितली, तर त्या मागणीच्या उत्तरानेच तिचे लग्न मोडावयाचे. पूर्णपीठाने हे साफ नाकारले. नुसते म्हणणे म्हणजे पुरावा नव्हे. तलाक उच्चारला हे नवऱ्याने शाबीत करावे, त्याला सबळ कारण होते हे शाबीत करावे, आणि कुराणात सांगितल्याप्रमाणे दोन्ही घरांतून एकेक मध्यस्थ नेमून समेटाचा प्रयत्न झाला होता हेही शाबीत करावे, असे त्याने ठरविले. पाच महिन्यांनी, १ ऑक्टोबर २००२ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने शमीम आरा खटल्यात याच दिशेने निर्णय दिला. वाट आमच्या मराठवाड्याने आधी चालून दाखविली होती.

हा निकाल आम्ही ज्या दृष्टीने एखादा निबंध वाचतो त्या दृष्टीने वाचला. त्यात पुनरुक्ती आहे, उताऱ्यांची रेलचेल आहे. पण त्याची युक्ती उत्तम आहे. बाहेरचे तत्त्व आणून त्याने तलाकाला हरविले नाही. ज्या ग्रंथाचा आधार घेऊन नवरा बोलत होता, तोच ग्रंथ उघडून, ‘बाबा रे, पुढची ओळ वाच,’ असे त्याने सांगितले. संस्कृत मीमांसकांच्या परंपरेत वाढलेल्या वाचकाला ही रीत परकी वाटू नये.

तथापि ह्या निकालाने काय साधले आणि काय साधले नाही, ते नीट पाहिले पाहिजे. पुरुषाच्या शब्दाला त्याने पुराव्याचे ओझे घातले. स्त्रीला त्याने शब्द दिला नाही. अशा खटल्यात स्त्री जिंकली म्हणजे तलाक खोटा ठरला. तलाक खोटा ठरला म्हणजे ती बायको राहिली, आणि बायको राहिली म्हणून पोटगी मिळाली. टाकली जाऊ नये अशी जिची इच्छा आहे तिला हा निकाल आधार होय. जिला सुटावयाचे आहे तिच्या हाती तो काहीच ठेवीत नाही. २०१९ च्या कायद्याविषयीही आमची हीच तक्रार आहे. एका दमात तलाक देणाऱ्या पुरुषाला तीन वर्षांपर्यंत कैद त्याने ठेवली, बायकोला निर्वाहखर्च आणि मुलांचा ताबा सांगितला. परंतु खुलअविषयी त्यात एक अक्षर नाही. आमची विद्यार्थिनी ज्या दाराशी उभी आहे त्याचा उल्लेखही त्या कायद्यात नसावा, आणि त्या कायद्याला मुसलमान स्त्रीचे मुक्तिपत्र म्हणून मराठीत अग्रलेख लिहिले जावेत!

खुलअच्या दाराला कुलूप आहे ते संमतीचे. पैगंबरांच्या काळी एका स्त्रीने नवऱ्याकडून मेहर म्हणून मिळालेली बाग परत केली आणि ती सुटली, ह्या परंपरेवर खुलअ उभा आहे. पैगंबरांनी नवऱ्याला बाग घेऊन हिला सोड असे सांगितले. ते सांगणे आज्ञा होती की सल्ला, एवढ्या एका मुद्द्यावर तेराशे वर्षे वाद चालला आहे. सल्ला मानला तर नवऱ्याची मर्जी लागते. आज्ञा मानली तर लागत नाही. पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली खुर्शीद बीबी खटल्यात दुसरा अर्थ घेतला. मिसर देशाने २००० साली कायदाच केला की मेहर परत करणाऱ्या स्त्रीला नवऱ्याच्या नकाराने अडवू नये. आपल्याकडे केरळच्या उच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये हा हक्क मान्य केला, आणि जून २०२५ मध्ये तेलंगणाच्या उच्च न्यायालयाने नवऱ्याच्या संमतीची गरज नाही असे स्पष्ट सांगितले. ते न्यायालय हैदराबादेस आहे. निजामी अंमलात केजची अपिले त्याच शहरी जात. आता त्या शहराचा निकाल केजला बंधनकारक नाही, नुसता वाचून दाखविण्यापुरता आहे. १९३९ साली केज जकातनाक्याच्या चुकीच्या बाजूला होते, आज पुन्हा आहे.

आता आमच्या समाधानी वाचकाकडे वळू. हिंदू विवाह कायद्यात १९७६ पासून परस्परसंमतीचे कलम आहे, आणि सुशिक्षित घरांतून त्याचाच आश्रय घेतला जातो. त्या कलमात संमती दोघांची लागते. इतकेच नव्हे, तर हुकूमनामा होईपर्यंत ती कोणीही मागे घेऊ शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली ठरविले आहे. आमच्या परिचयाच्या एका घरातील मुलगी सहा वर्षे ह्या एका सहीसाठी थांबली आहे. नवरा सही देतो म्हणतो. पण आधी फौजदारी अर्ज मागे घे, मग दागिन्यांचा हक्क सोड, मग मुलाचा. ह्याला खुलअ म्हणत नाहीत, एवढाच काय तो फरक. संमती नसेल तर क्रूरता शाबीत करावयाची, आणि ती शाबीत करण्यास शेजारी साक्षीस येत नाहीत. संसार मुळातच मोडला आहे एवढे कारण पुरे मानावे, अशी शिफारस विधी आयोगाने १९७८ साली केली. संसदेने ती आजवर मानली नाही. सर्वोच्च न्यायालय आपल्या विशेष अधिकारात तसे करू शकते, हे २०२३ साली ठरले. पण केजहून दिल्लीला जाऊन कोणी संसार मोडून आणावा? विशेष विवाह कायदा हा तर सर्व धर्मांना मोकळा, निधर्मी कायदा. त्यातही हेच कुलूप आहे. आणि ख्रिस्ती स्त्रीची स्थिती तर २००१ पर्यंत ह्याहून वाईट होती: नवऱ्याने बायकोचा व्यभिचार दाखविला की पुरे, बायकोने नवऱ्याचा व्यभिचार दाखवून त्यावर क्रूरता किंवा परित्यागही दाखवावा लागे. हा १८६९ चा कायदा इंग्रजांनी आपल्या १८५७ च्या कायद्यावरून बेतला होता. विलायतेने स्वतःची चूक १९२३ साली दुरुस्त केली. आम्ही ती पुढे अठ्ठ्याहत्तर वर्षे जपली.

त्याच विलायतेत ६ एप्रिल २०२२ पासून काय झाले पाहा. पती किंवा पत्नी, कोणीही एकाने विवाह मोडला आहे असे लेखी सांगितले, की तेच विधान निर्णायक पुरावा मानले जाते. कारण विचारावयाचे नाही, दुसऱ्याची संमती लागत नाही. थांबावयाचे ते सुमारे सहा महिने. ज्या शब्दावर आम्ही तलाकाच्या निमित्ताने साठ वर्षे टीका केली, तो नुसता शब्द आज तेथील निधर्मी कायद्याने प्रमाण मानला आहे, तोही दोघांच्या तोंडचा. शब्द पुरेसा मानला हा तलाकाचा दोष नव्हताच. तो एकाच्याच तोंडचा पुरेसा मानला, हा दोष होता. आणि आमच्या निधर्मी कायद्याने त्यावर काढलेला उपाय असा, की शब्द दोघांचाही पुरेसा मानावयाचा नाही.

हा वाद मध्यमवर्गाच्या बैठकीत राहिला तर फार बिघडत नाही. पण केजच्या शिवारात तो पोटाशी भिडतो. दसऱ्यानंतर आमच्या तालुक्यातून आणि शेजारच्या धारूर, वडवणीकडून बैलगाड्या व ट्रक भरून माणसे उसाच्या तोडीला पश्चिमेकडे जातात. मुकादम उचल देतो ती जोडीला. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात, आणि एकट्या बाईला उचल देण्यास मुकादम सहसा धजत नाही. म्हणजे लग्न हे येथे संस्कार असेल किंवा करार असेल, पण त्याआधी ते रोजगाराचे साधन आहे. त्या बाईने विवाह तोडला तर तिचा नवरा जातो एवढेच नव्हे, तिचे कामही जाते. आणि घेतलेली उचल फिटलेली नसते ती निराळीच. फारकत ह्या शब्दाला ऋणाचा वास आहे असे आम्ही वर म्हटले, ते येथे शब्दशः खरे होते. एकोणीसशे ऐंशीनंतरच्या दशकात संगमनेरहून परित्यक्तांची चळवळ उभी राहिली, तिने ‘टाकलेली’ ह्या विशेषणाला प्रथमच प्रश्न विचारला. त्या स्त्रियांत हिंदूंचा भरणा मोठा होता, आणि त्यांना कोणी तलाक दिलेला नव्हता. त्यांना नुसते सोडून दिले होते. तीन शब्द उच्चारण्याचीही तसदी नवऱ्यांनी घेतली नव्हती.

निकाहनाम्यात तलाकाचा अधिकार बायकोला आधीच देऊन ठेवण्याची तफवीज नावाची सोय मुसलमानी कायद्यात आहे. पाकिस्तानच्या छापील निकाहनाम्यात १९६१ च्या कायद्यानंतर त्यासाठी स्वतंत्र रकाना आहे, अठरावा. आपल्याकडे असा सर्वत्र चालणारा नमुना नाही. जो ठेवील त्याने ठेवावा. मेहर किती, साक्षीदार कोण, हे विचारणारी माणसे मुलीच्या बाजूला असतात; ह्या सोयीविषयी विचारणारा एक असला तर पुष्कळ. आमच्या विद्यार्थिनीच्या निकाहात तसा कोणी नव्हता. हिंदू लग्नात तर विचारावयाची जागाच नाही. तेथे याद्या होतात त्या मानपानाच्या.

शेवटी तिने १९३९ च्या कायद्याखाली दावा लावला. वकिलांनी केलेला मसुदा ती आम्हांस दाखवावयास घेऊन आली. भाषा तपासून द्या म्हणाली, आणि ते काम तरी आमच्या आवाक्यातले होते. मसुद्यात लिहिले होते, ‘प्रतिवादीने वादीस टाकून दिलेले आहे व तो तिचे पोषण करीत नाही.’ तिने त्यातला पहिला भाग पेन्सिलीने खोडून वर लिहिले होते, ‘वादीस प्रतिवादीबरोबर राहावयाचे नाही.’ आम्हांस ते वाक्य अधिक चांगले मराठी वाटले आणि तसे आम्ही समासात नमूद केले. आठवड्याने ती पुन्हा आली. वकिलांनी ते वाक्य काढून पूर्वीचे घातले होते. कलम दोनमधल्या कारणांत ते कोठेच बसत नाही, असे त्यांनी तिला सांगितले.